झुलीखालचा हात

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणारी निशा मागच्या महिन्यात घरी आली, चहा घेतला आणि म्हणाली, "काकू, यंदा तुम्ही तुमच्या नोकरीबद्दल लिहा." मी म्हटलं, "अगं, माझी नोकरी काय होती माहितेय का? संध्याकाळी सहा वाजता चौदा घोड्यांच्या अंगाला हात लावायचा आणि हो किंवा नको म्हणायचं." ती म्हणाली, "मग तेच लिहा."

तर लिहिते आहे. बोलल्यासारखंच लिहीन, कारण मला दुसरं येत नाही. माझं शिक्षण अकरावीपर्यंत, आणि घोड्यांचं जे काही शिकले ते कुठल्या कोर्सात नाही. आधी सुई-दोऱ्यावर शिकले, मग तळहातावर. पुढे एक इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं, त्याला दोन हिवाळे लागले. वाचून झाल्यावर कळलं की त्यातलं निम्मं तबेल्यातल्या बनवारीनं मला आधीच सांगितलं होतं आणि उरलेलं निम्मं विलायतेच्या हवेचं होतं.

आधी झूल म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल टाकतात ती शोभेची. घोड्याची झूल म्हणजे त्याची गोधडी. बाहेरून तागाचं जाड कापड, आतून कांबळं, छातीवर एक बक्कल आणि पोटाखालून पट्टे. आता तुम्ही विचाराल, घोड्याला देवानं केस दिलेत, मग गोधडी कशाला? बरोबर आहे. मोकळ्या घोड्याला नकोच असते. पण रायडिंग स्कूलच्या घोड्याला रोज पळवतात, लांब केसांत तो घामानं चिंब होतो आणि वाळत नाही, म्हणून थंडीच्या सुरुवातीला मशीननं त्याचे केस काढतात. आपण त्याचा कोट काढून घेतला, तर दुसरा देणं आपलं काम. म्हाताऱ्या आणि आजारी घोड्यांचं वेगळं, त्यांना केस असूनही झूल लागते.

कडक थंडीत प्रश्नच नसतो. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांना झूल. मेमध्ये कोणालाच नाही. अडचण मधल्या दिवसांची. दिल्लीचा वसंत पुण्यामुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. दुपारी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज, संध्याकाळी सहाला स्वेटर आणि पहाटे पाचला पुन्हा शाल. माणूस दिवसातून चारदा घालतो-काढतो. घोड्याला बक्कल सोडता येत नाही. सहा वाजता तुम्ही त्याला जे घातलंत, त्यातच तो पहाटेपर्यंत उभा. गार वाटलं तर एक वेळ तो केस फुलवून, पेंढा चावून निभावून नेतो. चारा पोटात असला की घोड्याच्या आत शेगडीच असते. पण उकडलं तर तो काही करू शकत नाही. घाम येतो, झूल आतून भिजते, पहाटेच्या वाऱ्यात तोच घाम बर्फासारखा होतो. म्हणजे काळजीनं घातलेली झूल न घातलेल्यापेक्षा जास्त घात करते. हे लोकांना पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मी घरी सोफ्याची कव्हरं शिवायची. माझ्याकडे जाड कापड शिवणारं मशीन आहे हे ऐकून एक दिवस एक रिटायर्ड कर्नलसाहेब जीपमध्ये सहा फाटक्या झुली टाकून दारात आले. असा वास, की वरच्या मजल्यावरच्या मिसेस नायर खाली आल्या. मी झुली शिवून दिल्या, आणि साहेबांना म्हटलं, "या सगळ्या खांद्यावरच फाटल्यात. माप चुकतंय. घोडे बघायला हवेत." ते म्हणाले, "तो आइए, देख लीजिए." मी गेले आणि बावीस वर्षं तिथेच राहिले, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांचा तबेला, म्हणजे रायडिंग स्कूल, मानेसरच्या पुढे, अरवलीच्या बुटक्या टेकड्या सुरू होतात तिथे. बसनं मानेसर, मग कारखान्यांच्या शिफ्टवाल्या पोरींच्या मांडीला मांडी लावून शेअर ऑटो. घरी परतायला आठ वाजायचे. हे गेल्यानंतर क्वार्टर सोडावं लागलं. मयूर विहारला सोसायटीतला फ्लॅट होता, पण तिथे कुलूप उघडून आत कोणासाठी जायचं? मुग्धा, माझी मुलगी, लग्न होऊन पुण्याला. मग मी तबेल्यातच, चाऱ्याच्या कोठीशेजारची खोली मागून घेतली.

बनवारी हा तिथला जुना साईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा. अलवरकडचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, तरी मला आंटीजी म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं मला हात कसा लावायचा ते शिकवलं. कान बघू नका, म्हणाला, कान तर सगळ्यांचेच गार असतात. हात झुलीच्या आत, खांद्याच्या मागे, बरगड्या सुरू होतात तिथे सपाट ठेवायचा आणि वीस आकडे मोजायचे. ऊब लागली आणि कातडी कोरडी असली तर ठीक. गार लागली तर अजून एक. दमट लागली तर काढा, लगेच काढा.

एवढं शिकवून मग तो जन्मभर माझ्याशी भांडला. त्याचं मत कायम एकच, घालून द्या. मी कायम नको. रोज संध्याकाळी सहा वाजता आम्ही दोघं पहिल्या ठाणापासून, म्हणजे पहिला घोडा बांधतात तिथून, निघायचो.

"आज हवा है, आंटीजी. पहना दो."

"हात लावला का?"

"लगाया."

"मग?"

"गरम है. पर हवा भी तो है."

"वारा तुला लागतोय, बनवारी. त्याला नाही. रहने दो."

"रात को ठंड पड़ी तो?"

"तर तू मला शिव्या दे."

"वो तो वैसे भी दूँगा."

कर्नलसाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "लग गई अदालत." चौदा घोडे, चौदा खटले. कधी तो जिंकायचा, बरेचदा मी. मी हरले तर तो विजयानं झूल खांद्यावर टाकून असा चालायचा, जसा काही लग्नातला शेला आहे. हे गेल्यानंतरच्या वर्षांत असे कितीतरी दिवस गेले, की त्या अर्ध्या तासाशिवाय मी कोणाशी चार वाक्यं बोलले नाही. तेव्हा मला ते जाणवत नव्हतं. मला वाटायचं मी काम करते आहे.

एका वर्षी मात्र आम्ही दोघं मिळून चुकलो. दिल्लीत रजाया होळीनंतर ट्रंकेत जातात. आमच्याकडेही तीच रीत, होळी झाली की सगळ्या झुली एकाच दिवशी हौदावर धुवायच्या, वाळवायच्या, कडुनिंबाचा पाला घालून बंद. त्या वर्षी होळी लवकर होती. झुली धुऊन भिंतीवर टाकल्या आणि दुपारी चार वाजता आभाळ काळं झालं. आधी वारा, मग गारा, लिंबाएवढ्या. चौदा घोडे उघडे आणि चौदाच्या चौदा झुली पाणी गाळतायत. साईसांनी आपापल्या रजाया आणल्या. तरी पुरेनात, तेव्हा कर्नलसाहेब स्वतः स्टुलावर चढले आणि दिवाणखान्याचे मखमली पडदे काढून घेऊन आले. आमचा सगळ्यात नाठाळ घोडा ती संध्याकाळ डाळिंबी रंगाच्या मखमलीत, सोनेरी झालरीसकट उभा होता. त्यानंतर आम्ही सात-सात झुली धुवायला लागलो. कॅलेंडर बघून घोड्याचे कपडे ठरवायचे नाहीत हे तेव्हा शिकले.

थर्मामीटर बघूनही नाहीत. अद्वैत म्हणून एक पुण्याचा मुलगा, गुडगावला मोठ्या कंपनीत, त्यानं स्वतःचा घोडा घेऊन आमच्याकडे ठेवला होता. मी मराठी आहे कळल्यावर त्याला इतका आनंद झाला की तो मला तासभर मिसळीबद्दल सांगत राहिला. त्यानं परदेशातून तीन झुली मागवल्या, एक शंभर ग्रॅमची, एक दोनशेची, एक तीनशेची. हे ग्रॅम म्हणजे आतल्या कापसाचं वजन. ठाणात एक छोटं मशीन लावलं, ते त्याच्या फोनवर तापमान पाठवायचं. मग ऑफिसातल्या मीटिंगमधून मला मेसेज, "काकू, सोळा डिग्री, दोनशेची प्लीज." दहा मिनिटांनी, "सॉरी, अठरा. शंभरची." मी दोनदा बदलली, तिसऱ्यांदा फोन केला. म्हटलं, "अद्वैत, हे मशीन भिंतीचं तापमान सांगतंय. भिंतीला झूल नाही घालायची आपल्याला." तो हसला. पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याचा हात धरून मी झुलीच्या आत ठेवला, वीस आकडे मोजायला लावले. सोळाव्या आकड्याला त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे यार, हा तर भिजलाय." त्यानंतर मेसेज थांबले. चांगला मुलगा. नंतर बंगलोरला बदली झाली, घोडा विकला.

आता मैनाबद्दल. तिच्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

मैना तांबडी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका. मी आले तेव्हा ती दोन वर्षांची होती. लहान मुलांना शिकवायला तिच्यासारखी दुसरी नाही, पोर तोल जाऊन कलंडायला लागलं की ती स्वतः त्या बाजूला सरकायची. मी तिच्याशी मराठीत बोलायची. हे गेल्यावर घरात मराठी बोलायला कोण होतं? मुग्धाचा फोन रविवारी, तोही नातवाच्या गडबडीत. मग मी खरारा करताना मैनाला सगळं सांगायची. भाजी काय केली, गुडघा कसा दुखतोय, मुग्धा काय म्हणाली. ती एक कान माझ्याकडे फिरवून ऐकायची. शेवटी असं झालं की तिला "हटो" म्हटलं तर ती ढिम्म. "सरक गं" म्हटलं की लगेच सरकायची. बनवारीला नाइलाजानं "सरक गं" शिकावं लागलं. राजस्थानी मिशीतून ते "सरक गं" ऐकायला मोठी मजा यायची.

मैना म्हातारी झाली तशी तिची झूल हा आमचा सगळ्यात लांबलेला खटला झाला. इतरांचा निकाल एका मिनिटात, तिच्यापाशी आम्ही पाच-पाच मिनिटं उभे. तो तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या, दोघांचे हात तिच्या अंगावर.

बनवारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, पण मुलगा म्हणाला, आता पुरे. एका दिवाळीनंतर तो गावी गेला. जाताना मैनाला "सरक गं" म्हणाला, ती सरकली, त्यानं तिच्या ठाणातला पेंढा शेवटचा सारखा केला. मला म्हणाला, "आंटीजी, पहना दिया करो. बूढ़ी है." मी म्हटलं, "बघू."

त्याच्या जागी दोन साईस आले, चांगले, तिशी-पस्तिशीतले, कामाला चोख. त्यांनी ऐकलं होतं, आंटीच्या हाताला सगळं कळतं. मी हो म्हटलं की झूल घालायचे, नको म्हटलं की नाही. एक शब्द उलट नाही. त्या फेब्रुवारीत संध्याकाळचा राउंड दहा मिनिटांत व्हायला लागला. कर्नलसाहेबांची तब्येत बिघडली होती, खुर्ची रिकामी. दहा मिनिटांत काम संपलं की मी खोलीत यायची आणि घड्याळ बघायची, सव्वासहा.

होळी होऊन आठवडा झाला असेल. आदल्या दिवशी अवेळी सर आली आणि मी चाऱ्याच्या पोत्यांवर ताडपत्री ओढताना भिजले. दुसऱ्या दिवशी घसा जरा खवखवत होता, अंग जड. त्याकडे कोण लक्ष देतो. सहा वाजता राउंडला निघाले. पहिल्या घोड्याला हात लावला, गार. दुसरा, गार. तिसरा, तोही. मला वाटलं, पावसानं हवा फिरली. मलाही आतून हुडहुडी भरत होती, त्यामुळे खात्रीच पटली. सगळ्यांना झुली घालायला सांगितल्या. एक साईस म्हणाला, "सबको, आंटी?" मी म्हटलं, "सबको." तो गेला आणि ट्रंकेतून काढायला लागला. मैनाला हात लावला तर ती मला सगळ्यात गार लागली. वीस आकडे मोजले, पुन्हा वीस मोजले. तिला दोन घातल्या, खाली कांबळ्याची आणि वर तागाची. बक्कलं मी स्वतः लावली. तिनं मान वळवून माझ्या खांद्याला नाक घासलं, मला वाटलं बरं वाटतंय तिला.

खोलीत जाऊन मी दोन रजाया घेतल्या आणि झोपले.

पहाटे साडेपाचला उठले, बाहेर आले तर वारा पडलेला. हवा अशी मऊ, की सावरीच्या झाडावर पाखरं कधीची बोलत होती. पहिल्या ठाणात हात घातला आणि हात ओला बाहेर आला. पुढचा ओला. त्याच्या पुढचा ओला. दोन्ही साईसांना हाका मारल्या, पट्टे सोडा, पुसा, कोरड्या चादरी टाका. मी मैनाकडे धावले. धावले म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं जमलं तेवढं.

मैना मान खाली घालून उभी होती. पोटाखालून घामाचे थेंब गळत होते. बादली कोरडी ठणठणीत. चारा तसाच, आणि ठाणात लीद नाही. ती मान वळवून आपल्या पोटाकडे बघायची, मग पुढचा पाय आपटायची. घोड्यांच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पोटशूळ. घामानं अंगातलं पाणी गेलं, आतलं सगळं सुकलं आणि अडलं. चोवीस वर्षांच्या घोडीला हे झालं तर बरेचदा दुपार उजाडत नाही.

फोन केल्यावर घोड्यांचे डॉक्टर पाऊण तासात आले. त्यांनी पोटाला कान लावला, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. "कुछ नहीं बोल रहा," म्हणाले. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल आणि पाणी सोडलं. म्हणाले, "अब चलाइए, बैठने मत दीजिए. लीद हो गई तो बच गई." मग विचारलं, "इतना पसीना क्यों आया? कल तो ठंड थी नहीं."

मी म्हटलं, "मैंने दो झूल पहनाई थी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते मला पंधरा वर्षं ओळखत होते. "आपने?"

मैनाची दोरी माझ्या हातात होती. ते म्हणाले, "लाइए, पहला चक्कर मैं लगाता हूँ," आणि दोरी घ्यायला हात पुढे केला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली आणि ते थांबले. दोरी सोडून त्यांनी माझं मनगट धरलं, मग उलटा हात माझ्या कपाळाला लावला, जसा आई लावते.

"आंटी, आपको तो तेज़ बुखार है. कब से है?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तिथे उभी राहून मी आठवायचा प्रयत्न करत होते, की याआधी माझ्या हाताला कोणाचा हात लागला तो कधी. घाम का आला, या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच होतं. आठवेना. बनवारी चहाचा ग्लास द्यायचा तेव्हा बोटं लागायची, आणि तो लगेच म्हणायचा, "हाथ ठंडे हैं आपके, ऐसे में क्या पता चलेगा," मग मी ग्लासवर हात शेकून राउंडला निघायची. ते दिवाळीपर्यंत. त्यानंतर घोडेच. तापलेल्या हाताला जग गार लागणारच. तो हात घेऊन मी चौदा घोड्यांवर फिरले आणि एकाही माणसाला तो हात लागला नाही, की कोणी म्हणावं, आज तू घरी बस.

डॉक्टर म्हणाले, झोपा. मी नाही झोपले. गोळी घेतली आणि व्हरांड्यात कर्नलसाहेबांच्या खुर्चीत बसले. साईस आळीपाळीनं मैनाला फिरवत होते. ती बसायला बघायची, ते ओढायचे, ती हलायची नाही. मी खुर्चीतून ओरडायची, "सरक गं." घसा बसलेला, आवाज निघेना. गार्डची बायको शांती माझ्या शेजारी उभी होती, ती मग माझ्या वतीनं ओरडायला लागली. तिच्या बिहारी तोंडी "सरक गं" ऐकून मैनानं कान फिरवला आणि पाऊल टाकलं.

दुपारी दोनच्या सुमाराला शेपटी वर झाली. मोजून तीन गोळे. शांतीनं ते पदरानं वारा घालत बघितले, साईसानं तिथल्या तिथे डॉक्टरांना फोटो पाठवला. लिदीचे फोटो काढून एकमेकांना पाठवणारी आणि त्यावर डोळे पुसणारी माणसं तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नोकरीत भेटायची नाहीत.

संध्याकाळी मी बनवारीला फोन लावला. सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दो झूल? आपने?"

"तू असतास तर हे झालं नसतं."

"मैं होता तो मैं क्या कहता, आंटीजी? मैं तो कहता, पहना दो."

"हो. आणि मी म्हटलं असतं, रहने दो."

"हाँ," तो म्हणाला. "बस."

दुसऱ्या दिवसापासून मी एक नियम केला. राउंडच्या आधी शांतीकडे जायचं आणि हात पुढे करायचा. ती कणकेचे हात पुसून माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरायची, जरा वेळ, तिला मोजायला मी सांगितलं नव्हतं तरी ती काहीतरी पुटपुटत मोजायची, आणि म्हणायची, "ठीक बा. जाइए." सगळ्यांना वाटलं घोड्यांसाठी चाललंय. घोड्यांसाठी होतंच. पण हेही सांगून टाकते की एप्रिल आला, मे आला, झुली ट्रंकेत गेल्या, तरी मी सहा वाजता तिच्या दाराशी जात होते. तिनं एकदाही विचारलं नाही, की आता कशाला.

कर्नलसाहेब त्याच पावसाळ्यात गेले. त्यांच्या लेकीनं तबेला बंद केला, तिचाही दोष नाही. तरणे घोडे दुसरीकडे गेले. मैनाला कोण घेणार? बनवारी स्वतः टेम्पो घेऊन आला. फळीवर चढायला ती तयार नव्हती. तो तिच्या कानाशी म्हणाला, "सरक गं," आणि ती चढली. शांती आणि तिचा नवरा छपऱ्याकडे, त्यांच्या गावी. मी मयूर विहारला येऊन कुलूप उघडलं.

इथे बरं आहे. मेट्रो खाली आहे, मंडळ आहे, मुग्धाचा व्हिडिओ कॉल आता दिवसाआड येतो. ती म्हणते, "आई, चेहरा उतरलाय, ताप आहे का?" मी माझाच हात माझ्या गळ्याला लावून बघते. काही कळत नाही. दोन्ही माझेच.

पण इथल्या पहिल्या फेब्रुवारीत, संध्याकाळी सहाला फोन वाजला. "आंटीजी, आज हवा है. पहना दूँ?" मी बाल्कनीत उभी राहून म्हटलं, "हात लावला का?" "लगाया. गरम है." "मग रहने दो." "रात को ठंड पड़ी तो?" असा तो रोज करायचा, मार्च संपेपर्यंत. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या घोडीचा खटला आम्ही फोनवर चालवला. दुसऱ्या वर्षीही.

मागच्या श्रावणात मैना गेली. झाडाखाली बसली आणि उठली नाही, दुखलं-खुपलं नाही, असं त्यानं सांगितलं. या फेब्रुवारीत मी सहाच्या सुमाराला फोन आत चार्जिंगला लावून ठेवायची. मुद्दामच. म्हटलं, वाजणार नाही ते समोर नको.

एक दिवस वाजला.

"आंटीजी, आज हवा है."

मी म्हटलं, "हो, इथेही आहे."

"भैंस है घर में. बोरी डाल दूँ उस पर?"

म्हशीतलं मला ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, "हात लावला का?"

"लगाया. गरम है."

"मग रहने दो."

पलीकडे म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजत होती.

"आंटीजी, बोरी तो मैं डाल चुका," तो म्हणाला. "वो तो छह बज गए थे, इसलिए पूछा."